थकबाकी शून्य, पुढचे हप्ते चौदा: तोरेव्हिएखामधल्या एका समुद्रासमोरच्या फ्लॅटचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका ब्रिटिश जोडप्याचं आहे, २०२४ च्या शरद ऋतूतलं. नावं आणि इमारत वगळून बाकी सगळं त्यांच्या संमतीने लिहितोय, आकडे त्यांच्या फाईलमधलेच. तो ६३ वर्षांचा, ती ६१ ची, दोघं नोकरीतून लवकर मोकळे झालेले, आणि डोक्यात एकच गोष्ट की ऑक्टोबर ते एप्रिल इंग्लंडमधला अंधार आणि पाऊस टाळायचा. जागा ठरलेली होती, स्पेनचा कोस्ता ब्लांका, अलिकांते प्रांतातलं तोरेव्हिएखा, ला माताच्या किनाऱ्याकडचा भाग. अलिकांतेचा विमानतळ तासाभराच्या आत, गावात मोठं हॉस्पिटल, मागे मिठाची गुलाबी सरोवरं आणि समोर समुद्र. फ्लॅट चौथ्या मजल्यावरचा, दोन बेडरूमचा, १९७४ ची इमारत, पहिल्या रांगेतली, म्हणजे इमारत आणि वाळू यांच्यामध्ये फक्त फिरायचा रस्ता. मागितलेली किंमत १ लाख ७२ हजार युरो. विकणारं जोडपं ऐंशीच्या घरातलं, स्वीडनचं, कायमचं परत जाणारं.

एजंटने पहिल्याच भेटीत ३,००० युरो देऊन फ्लॅट बाजारातून काढून घ्या म्हणून सांगितलं, दोन आठवड्यांत दहा टक्के आर्रास, म्हणजे इसार, भरा, आणि वकिलाची गरज नाही कारण नोटरी सगळं तपासतो. स्पेनमध्ये घर घेणाऱ्या परदेशी माणसाला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. नोटरी हा सरकारी अधिकार असलेला तटस्थ माणूस, तो ओळख तपासतो, त्या दिवशी रजिस्ट्रीत मालक कोण आणि बोजा काय ते बघतो, पैसे कुठून कसे दिले ते नोंदवतो. पण इमारतीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं, टेरेस कोणी कधी बंद केला, किनारा कायद्याची रेषा कुठून जाते हे बघणं त्याचं काम नाही. तो घेणाऱ्याचा माणूस नाही, तसा विकणाऱ्याचाही नाही.

या दोघांनी ३,००० दिले खरे, पण पावतीवर लिहून घेतलं की कायदेशीर तपासणीत काही निघालं तर पैसे परत. मग एजंटने सुचवलेला वकील न घेता स्वतः शोधून एक आबोगादा, म्हणजे वकीलबाई, नेमली. आर्रास भरायच्या आधी नेमली हे महत्त्वाचं, कारण स्पॅनिश नागरी संहितेच्या कलम १४५४ प्रमाणे आर्रास भरल्यावर घेणाऱ्याने माघार घेतली तर ती रक्कम गेली, आणि विकणाऱ्याने घेतली तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. १६-१७ हजार युरो अडकल्यावर कुठलाही दोष सापडला तरी माणूस स्वतःलाच समजवायला लागतो की एवढं काय त्यात. तपासणीची खरी वेळ त्याच्या आधीची.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी काढली ती नोता सिंप्ले, रजिस्ट्रीचा छोटा उतारा, साधारण दहा युरोत मिळतो. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक जुनं कर्ज अजून नोंदीत होतं, फेडलेलं पण रजिस्ट्रीतून काढलेलं नाही, हे स्पेनमध्ये सर्रास असतं आणि बँकेचा दाखला आणून विकणाऱ्याच्या खर्चाने निघतं, त्यावर वेळ घालवत नाही. दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. जाहिरातीत ७२ चौरस मीटर, उताऱ्यात ५८ आणि ११ चा उघडा टेरेस. तो टेरेस कधीतरी काचा लावून खोलीसारखा केला होता, इमारतीची परवानगी नाही, नगरपालिकेची नाही. बसायला जागा सुंदर होती यात वाद नाही, पण उद्या काढा म्हटलं तर काढावी लागणारी जागा किमतीत पक्क्या खोलीसारखी धरायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

आता मुख्य गोष्ट. स्पेनमध्ये फ्लॅटवाल्यांची सोसायटी असते तिला कोमुनिदाद म्हणतात, आणि तिचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ९ मध्ये एक तरतूद आहे जी बाहेरून येणाऱ्याला धक्का देते: आधीच्या मालकाने सोसायटीचे पैसे थकवले असतील तर चालू वर्ष आणि मागची तीन कॅलेंडर वर्षं एवढ्या थकबाकीसाठी तो फ्लॅट स्वतःच बांधील असतो, मालक कोणीही असो. देणं माणसाबरोबर स्वीडनला जात नाही, भिंतींजवळच राहतं. म्हणूनच विक्रीच्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरीचा थकबाकीचा दाखला जोडावाच लागतो, घेणाऱ्याने स्वतःहून माफ केलं तरच त्यातून सुटका, आणि एजंट लोक घाईत ते माफ करून घ्यायला बघतात, तिथे सही करायची नाही.

इथे दाखला आला. स्वच्छ. थकबाकी शून्य. जोडपं खूश, एजंट खूश. वकीलबाई मात्र म्हणाल्या की मला मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं हवीत. ती मालकालाच मागता येतात म्हणून स्वीडिश काकांमार्फत ॲडमिनिस्ट्रेटरकडून मागवली, यायला दहाएक दिवस गेले, एजंट रोज फोन करून दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून सांगत होता. इतिवृत्तं आली आणि त्यात होतं की समुद्राकडच्या सगळ्या बाल्कन्यांचं काँक्रीट सुटायला लागलंय, इंजिनिअरचा अहवाल आलाय, सभेने दुरुस्ती मंजूर केलीय आणि त्यासाठी देर्रामा, म्हणजे नेहमीच्या मेंटेनन्सवर वेगळी वर्गणी, या फ्लॅटच्या वाट्याला ९,६०० युरो, २४ हप्त्यांत, महिना ४००. दहा हप्ते भरून झालेले. विकणाऱ्यांनी एकही चुकवला नव्हता, म्हणून दाखला शून्य दाखवत होता आणि तो पूर्णपणे खरा होता. फक्त दाखला मागचं सांगतो, पुढचे १४ हप्ते, म्हणजे ५,६०० युरो, त्यात येतच नाहीत कारण ते अजून देय झालेले नसतात.

मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोणी खोटं बोललं नव्हतं. विकणाऱ्यांना कोणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही, एजंटने दाखला मागितला आणि तो मिळाला, नोटरीनेही तोच बघितला असता आणि सगळं कायदेशीर झालं असतं, आणि जानेवारीपासून दर महिन्याला ४०० युरोची नोटीस या दोघांच्या नावाने आली असती. कायद्याचं कलम १७ म्हणतं की सुधारणेच्या कामाची वर्गणी ज्या दिवशी देय होते त्या दिवशी जो मालक असेल त्याने भरायची. बाल्कनीची दुरुस्ती ही सुधारणा की आवश्यक देखभाल, यावर वाद घालता येतो आणि वकील मंडळी घालतातही, पण सोसायटी तिच्या यादीत नाव असलेल्या मालकाकडेच पैसे मागणार. त्यामुळे कोर्टात काय टिकलं असतं याचा विचार करत बसण्यापेक्षा आर्रासच्या करारातच लिहून घेणं शहाणपणाचं: या तारखेपर्यंत मंजूर झालेली प्रत्येक देर्रामा, देय झालेली असो वा नसो, विकणाऱ्याची. तसंच लिहिलं गेलं, आणि स्वीडिश काकांनी फारशी खळखळ न करता मान्य केलं, त्यांनाही सुटायचं होतं.

बाल्कन्या का सुटतात हेही थोडं समजून घ्या, कारण पहिल्या रांगेतल्या कुठल्याही जुन्या इमारतीत हे निघणारच. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतं, आतल्या सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग आतून दाब येऊन वरचं आवरण फुटतं, तडा गेला की मीठ अजून आत. सत्तरच्या दशकातल्या बांधकामात सळईवरचं आवरण बऱ्याचदा पातळ असतं, त्यामुळे वेग जास्त. रंग मारला की दोनेक वर्षं काही दिसत नाही. पाहायला गेलात तर आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून समुद्र बघण्याऐवजी खाली उतरा आणि वरच्या बाल्कन्यांचा तळ बघा, तपकिरी ओघळ, ठिगळं, लावलेल्या जाळ्या, सगळं तिथे दिसतं. शिवाय अलिकांते ज्यात येतं त्या व्हॅलेन्सिया विभागात ५० वर्षं झालेल्या इमारतींना तपासणी अहवाल सक्तीचा आहे, आणि १९७४ ची इमारत २०२४ मध्ये नेमकी त्या उंबरठ्यावर होती. अशा अहवालामागून नवीन वर्गणी येऊ शकते, हे धरूनच त्यांनी किमतीची बोलणी केली. टेरेसचे मीटर, येणारं काम आणि जुन्या खिडक्या मिळून किंमत १ लाख ६१ हजारावर आली.

समुद्राची रेषा हा वेगळा विषय. स्पेनचा किनारा कायदा १९८८ चा, त्याने वाळू आणि लाटा पोचतात तो पट्टा सार्वजनिक मालकीचा ठरवला, आणि त्याच्या मागे जमिनीकडे १०० मीटरचा संरक्षण पट्टा, जिथे तेव्हा आधीच शहर वसलेलं होतं तिथे २० मीटर. घर सार्वजनिक पट्ट्यातच येत असेल तर तुम्ही मालकी घेतच नाही, मुदतीची परवानगी घेता, २०१३ च्या दुरुस्तीने ती जास्तीत जास्त ७५ वर्षांपर्यंत नेली. इथे तसं नव्हतं. इमारत सार्वजनिक पट्ट्याच्या बाहेर होती, पण समुद्राकडची बाजू २० मीटरच्या संरक्षण पट्ट्यात. म्हणजे मालकी पूर्ण, दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येईल, पण आकारमान, उंची, क्षेत्रफळ वाढवता येणार नाही. तिच्या मनात टेरेस थोडा पुढे काढून तिथे चित्रं काढायची खोली करायची होती, ते तिथेच संपलं. मंत्रालयाचा ऑनलाइन नकाशा आहे, त्यावर ही रेषा कोणालाही बघता येते, पण वकीलबाईंनी किनारा खात्याकडून लेखी उत्तर मागवलं आणि ते योग्यच केलं.

एजंटच्या कागदावर आणखी एक आकर्षक ओळ होती, उन्हाळ्यात दहा आठवडे पर्यटकांना भाड्याने द्या, ६,५०० युरो मिळतील, घराचा खर्च आपोआप निघेल. त्याच इतिवृत्तांत २०२३ च्या सभेचा ठराव सापडला, पर्यटक भाड्याला बंदी, तीन पंचमांश बहुमताने, रजिस्ट्रीत नोंदवलेला. असा ठराव करायची मुभा कायद्यात २०१९ मध्ये आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे यांचं प्रकरण चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सोसायटी पूर्ण बंदीही घालू शकते. पुढे ३ एप्रिल २०२५ पासून तर उलटंच झालं, नव्याने पर्यटक भाडं सुरू करायचं तर आधी सोसायटीची तीन पंचमांश मंजुरी हवी. तेव्हा ते ६,५०० युरो हिशोबातून गेले. मला स्वतःला वाटतं की भाड्यावर अवलंबून राहून सुट्टीचं घर घेऊच नये, हा खर्च आहे असं धरून परवडतं का बघावं, आणि या दोघांनी नंतर तसंच केलं. मेंटेनन्स महिना ९५, नगरपालिकेचा घरपट्टी कर, कचरा, विमा, वीज-पाण्याचं स्थिर बिल हे सगळं लिहून काढलं. त्यात आणखी एक विचित्र कर आहे जो लोकांना माहीतच नसतो: घर भाड्याने दिलं नाही तरी स्पेनमध्ये न राहणाऱ्या मालकाला काल्पनिक उत्पन्नावर कर, नोंदणी मूल्याच्या (सरकारच्या मालमत्ता नोंदीत घराची धरलेली किंमत) १.१ किंवा २ टक्के हे उत्पन्न धरायचं आणि त्यावर युरोपीय संघातल्या माणसाला १९ टक्के, बाहेरच्याला २४. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश माणूस २४ वाल्यात. नोंदणी मूल्य ६२,००० होतं, २ टक्के म्हणजे १,२४०, त्याचे २४ टक्के म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला २९८ युरोच्या आसपास. रक्कम छोटी, पण दोघांनी वेगवेगळा फॉर्म भरायचा, पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या आत, आणि कोणी आठवण करून देत नाही.

विकणारा स्वतः स्पेनमध्ये राहत नसेल तर घेणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या येतात आणि दोन्ही पुन्हा त्याच तत्त्वाच्या, गेलेल्याचं देणं राहिलेल्यावर. पहिली, किमतीच्या ३ टक्के घेणाऱ्याने कापून ठेवायचे आणि महिन्याभरात टॅक्स खात्यात २११ नंबरच्या फॉर्मवर भरायचे, नाही कापले तर तेवढ्यापुरता फ्लॅट जबाबदार. दुसरी, जमिनीच्या वाढलेल्या मूल्यावरचा नगरपालिकेचा कर, ज्याला सगळे प्लुसव्हालिआ म्हणतात, तो खरं तर विकणाऱ्याचा, पण तो परदेशात राहत असेल तर नगरपालिका घेणाऱ्याकडून वसूल करते. म्हणून नोटरीच्या टेबलावरचा हिशोब असा झाला. १,६१,००० मधून आधी दिलेले दहा टक्के, म्हणजे १६,१०० वजा, राहिले १,४४,९००. त्यातून ३ टक्क्यांचे ४,८३० कापले, १४ हप्त्यांचे ५,६०० सोसायटीच्या नावाने वेगळा बँक चेक, प्लुसव्हालिआसाठी अंदाजे २,३०० वकिलाच्या खात्यात राखून. विकणाऱ्यांच्या हातात त्या दिवशी १,३२,१७० चा चेक. एजंटला हे सगळं किचकट वाटत होतं, पण विकणाऱ्यांच्या वकिलाने एकही आकडा नाकारला नाही कारण सगळं करारात होतं.

घेणाऱ्यांचा खर्च: हस्तांतरण कर तिथे तेव्हा १० टक्के होता (१ जून २०२६ पासून ९ टक्के), पण किंमत कमी करून घेतली म्हणून कर तेवढाच कमी होत नाही. २०२२ पासून सरकार प्रत्येक घराचं संदर्भ मूल्य ठरवतं आणि किंमत त्याच्या खाली गेली तर कर संदर्भ मूल्यावर. इथे ते १,६६,४०० होतं, म्हणून कर १६,६४०. नोटरी आणि रजिस्ट्री १,६०० च्या आसपास, वकील एक टक्का अधिक २१ टक्के व्हॅट म्हणजे १,९४८. किमतीवर साडेबारा टक्के वर. पाउंडचे युरो करायचे होते, त्याचा भाव त्यांनी आर्रासच्या दिवशीच बांधून घेतला.

एवढं सगळं होऊनही मूळ बेत, ऑक्टोबर ते एप्रिल राहायचं, तो कायद्यात बसतच नव्हता, आणि हे त्यांना कुठल्याही फ्लॅट दाखवणाऱ्याने सांगितलं नव्हतं. घराची मालकी आणि राहण्याचा हक्क यांचा स्पेनमध्ये काही संबंध नाही. ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन भागात, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांच्या खिडकीत ९० दिवस, बस. ३ जानेवारीला आलात तर २ एप्रिलला ९० पूर्ण, आणि त्यानंतर दिवस पुन्हा सुटायला लागतात ते जुलैमध्ये. पूर्वी लोक शिक्क्यांच्या भरवशावर थोडं इकडेतिकडे करायचे, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली, आता मोजणी कॉम्प्युटर करतो. गुंतवणुकीवर मिळणारा गोल्डन व्हिसा ५ लाख युरोंच्या घराला होता, यांच्या घराला कधीच लागू नव्हता, आणि तोही ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. राहतो तो काम न करता राहायचा व्हिसा, त्याला तेव्हा पहिल्या माणसासाठी महिना २,४०० आणि जोडीदारासाठी ६०० युरो उत्पन्न दाखवावं लागत होतं. यांची दोघांची खाजगी पेन्शन मिळून २,७०० च्या आसपास. शिवाय वर्षात १८३ दिवसांवर राहिलं की स्पेनचे करदाते, जगभरच्या उत्पन्नावर कर, परदेशातल्या ५०,००० युरोंवरच्या मालमत्तेची वेगळी माहिती, आणि सरकारी पेन्शन सुरू व्हायच्या आधी ब्रिटनच्या खर्चाने तिथले औषधोपचार नाहीत, म्हणजे खाजगी विमा. दोन रात्री बसून त्यांनी हे मांडलं आणि व्हिसाचा विषय त्याची सरकारी पेन्शन सुरू होईपर्यंत बाजूला ठेवला. बेत बदलला: जानेवारी ते मार्च सलग, आणि सप्टेंबरमध्ये तीन-चार आठवडे. म्हणजे जवळपास सात महिन्यांचं घर चारएक महिन्यांचं झालं. या आकड्यावर परवडतंय का, हा प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून विचारला, आणि उत्तर हो आलं म्हणूनच सही केली. ते नाही आलं असतं तर ३,००० परत घेऊन निघायची तयारी होती, आणि मला ती तयारीच खूप मोलाची वाटते.

म्हातारपणासाठी घर बघताना आणखी एक तपासणी हवी, हिवाळ्यातली. त्यांनी जानेवारीचा विचार करून एक रात्र त्याच भागात हीटिंग नसलेल्या फ्लॅटमध्ये काढली, नोव्हेंबर संपताना. दिवसा छान ऊन, रात्री भिंती ओलसर आणि गार, एकेरी काचा. म्हणून खिडक्या बदलायचे आणि गरम-थंड एसीचे पैसे आधीच बाजूला काढले. आणि लिफ्ट. जुन्या इमारतीत लिफ्ट कधीकधी दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, इथेही तसंच, दारापर्यंत आठ पायऱ्या. आज काहीच वाटत नाही. गुडघा बदलल्यावर आठ पायऱ्या रोज किती वेळा, हे तिने विचारलं, ती नर्स होती. सोसायटीने त्यावर काही ठरवलंय का तर नाही. हा दोष त्यांनी उघड्या डोळ्यांनी घेतला.

डिसेंबर २०२४ मध्ये एस्क्रितुरावर, म्हणजे खरेदीखतावर, सह्या झाल्या. त्याच आठवड्यात दोघांनी तिथल्या नोटरीकडे स्पेनमधल्या मालमत्तेपुरतं मृत्युपत्र केलं आणि त्यात वारसासाठी इंग्लंडचा कायदा निवडतो असं स्पष्ट लिहिलं. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमाप्रमाणे तसं लिहिलं नाही तर मृत्यूच्या वेळी माणूस जिथे मुख्यतः राहत होता तिथला कायदा लागतो, आणि उद्या व्हिसा घेऊन ते तिथे राहायला गेले तर स्पेनचा कायदा मुलांचा ठराविक हिस्सा राखून ठेवतो, जोडीदाराला सगळं देता येत नाही. २११ चा फॉर्म महिन्याच्या आत भरला. प्लुसव्हालिआ प्रत्यक्षात अंदाजापेक्षा थोडा कमी आला, उरलेले पैसे स्वीडनला पाठवले. पहिला हिवाळा त्यांनी बाल्कनीसमोर परांची बांधलेली असताना काढला, आणि मार्चच्या सोसायटीच्या सभेला दोघंही जाऊन बसले, लिफ्टचा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्यावा असा लेखी अर्ज घेऊन.